४६ फुटी ट्रॉलरचं इंजिन बदलताना आम्ही सुरुवात पंख्यापासून केली

आमची बोट ४६ फुटी, लाकडी, ट्रॉलिंगची म्हणजे जाळं पाण्यातून ओढत नेऊन मासे धरणारी, कोकणातल्या हर्णे बंदराला लागते. पाण्याच्या रेषेवर लांबी ४१ फूट, रुंदी १४, बर्फ-डिझेल-जाळी-माणसं सगळं धरून भरलेली असताना २२ ते २४ टन. बोट काकांच्या नावावर, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरीच परत आलो आणि गेली नऊ वर्षं इंजिनाकडचं सगळं मीच बघतो. गेल्या पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत आम्ही इंजिन आणि गिअर दोन्ही बदललं. तो निर्णय कसा झाला, कुठे चुकलो, कुठे थोडक्यात वाचलो ते सविस्तर लिहितोय, कारण दर मे महिन्यात कोणी ना कोणी विचारतंच की बाबा कुठलं इंजिन टाकू, आणि फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाहीये. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते नावावर अवलंबून नाही.

जुनं इंजिन सहा सिलिंडर, साडेसहा लिटर, टर्बो नाही, १८०० आरपीएमला १०० एचपी. मुळात ट्रकचं, त्याला मरीन केलेलं, आणि मरीन केलेलं म्हणजे काय तर समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवलेलं. एप्रिलमध्ये २२ वाव पाण्यात जाळं ओढताना टेंपरेचर वर जायला लागलं, तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) लगेच इंजिन बंद केलं आणि डिपस्टिक काढली तर ऑइल चहासारखं दुधाळ. दुसऱ्या बोटीने दोरी लावून आम्हाला आणलं. हेड खोललं तेव्हा पाच नंबर सिलिंडरच्या बाजूला पाण्याच्या वाटा मिठाने इतक्या खाल्ल्या होत्या की गॅस्केट बसायला सपाट जागाच उरली नव्हती. हेड बदलता आलं असतं. पण लायनर काढल्यावर ब्लॉकमध्ये खालच्या ओ-रिंगची बैठक पण खड्डे पडलेली दिसली, आणि क्रँक मोजला तर तो आधीच तिसऱ्या साइजला, म्हणजे ३० थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून झालेला. पुढच्या साइजचे बेअरिंग शोधत फिरायचं, ब्लॉकला स्लीव्ह मारायची आणि एवढं करून परत तेच खारं पाणी त्यातून फिरवायचं! ओव्हरहॉलचा अंदाज सव्वातीन लाखाचा होता. काकांचा जीव त्या इंजिनात होता, पण मायक्रोमीटरचा आकडा त्यांनी स्वतः वाचला आणि म्हणाले, "राहू दे, हे संपलं."

मग सुरू झाली एचपीची चर्चा. हल्ली प्रत्येक बंदरात हेच चालतं, शेजारच्याने १८० टाकलं की आपण २००, आणि कोणी विचारत नाही की ती ताकद पाण्यात जाणार कुठून. काकांच्या डोक्यात २०० पक्कं बसलेलं. "अरे, एचपी कमी पडला तर जाळं ओढणार कोण? तू ओढणार?" असा त्यांचा सवाल, आणि तो रास्तच आहे कारण समुद्रात अडकलेला माणूस तेच विचारणार. मी म्हटलं, काका, इंजिन शेवटी ठरवू. आधी पंखा, म्हणजे पाण्याखाली फिरून बोट ढकलणारा प्रोपेलर, किती मोठा बसतो ते बघू, मग तो किती फेऱ्यांनी फिरवायचा ते, त्यावरून गिअर, आणि त्या गिअरला लागेल तेवढं इंजिन. त्यांना ते उलटं वाटलं, पण बोट वर ओढून झाली होती, टेप हातात होता, मोजायला पैसे लागत नव्हते.

सुकाणू आणि मागच्या लाकडाच्या मधली जी मोकळी जागा असते, ज्यात पंखा फिरतो, तिला आम्ही खिडकी म्हणतो. ती उभी मोजली, ४३ इंच. आणि त्यात फिरत होता २८ इंचाचा पंखा! वर-खाली मिळून १५ इंच जागा रिकामी. नऊ वर्षं मी ती खिडकी बघतोय, दर पावसाळ्यात शिंपल्या खरवडतोय, आणि कधी डोक्यात आलं नाही की ही एवढी मोठी का ठेवली असेल. बोट बांधणाऱ्या सुतारमेस्त्रींना विचारलं, ते आता थकलेत पण डोकं शाबूत आहे. ते म्हणाले, तिला पहिलं इंजिन होतं ते जड, हळू फिरणारं, त्याला मोठा पंखा होता. नंतरच्या मालकाने ते काढून ट्रकवालं टाकलं, त्याबरोबर जो गिअर मिळाला तो २:१ चा (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक), आणि २:१ वर मोठा पंखा फिरेना म्हणून छोटा लावला. म्हणजे बोट बांधली मोठ्या पंख्यासाठी आणि आयुष्यभर चालली छोट्या पंख्यावर.

हे एवढं महत्त्वाचं का, तर जाळं ओढताना बोट जेमतेम अडीच-तीन नॉटने चालते. अशा वेळी पंख्याने थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू फेकलं तर त्याच ताकदीत ओढ जास्त मिळते. २८ इंची आणि ३६ इंची पंख्याच्या चकतीचं क्षेत्रफळ बघा, व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ७८४ विरुद्ध १२९६, तब्बल ६५ टक्के जास्त. जागेवर उभं राहून ओढताना ओढ ही एचपी गुणिले व्यास, त्याचा दोन तृतीयांश घात, अशी वाढते. त्या हिशोबाने तेवढ्याच एचपीला ३६ इंची पंखा साधारण १८ टक्के जास्त ओढतो, आणि उलट बाजूने, तीच ओढ २८ इंचीकडून हवी असेल तर एचपी २८ टक्के जास्त घालावा लागतो. हे आदर्श गणित आहे, खऱ्या पाण्यात थोडं कमी भरतं, पण दिशा बदलत नाही. काकांना मी हे कागदावर दाखवलं आणि म्हटलं, आपण आजवर एवढं डिझेल नुसतं पाणी घुसळायला जाळलं. ते बराच वेळ त्या खिडकीकडे बघत बसले.

आता ४३ इंचात किती बसेल? पात्याचं टोक आणि वरचं लाकूड यात व्यासाच्या निदान दहा टक्के तरी अंतर पाहिजे, नाहीतर प्रत्येक पातं वरून जाताना बोटीला ठोसा मारल्यासारखं होतं आणि फळ्यांचे सांधे सैल होतात. ३६ इंचाला वर साडेतीन-चार, खाली दोन-अडीच इंच, म्हणजे ४२ च्या आसपास. बसतो. ३८ घेतला असता तर वर पुरेसं अंतर राहिलं नसतं. ठरलं, ३६.

पंखा ३६ इंचाचा तर फेऱ्या किती? यासाठी अंदाजाचं जुनं सूत्र आहे, व्यास इंचात बरोबर ६३२.७ गुणिले एचपीचा ०.२ घात, भागिले पंख्याच्या आरपीएमचा ०.६ घात. शाफ्टवर ११५ एचपी धरून मी तीन-चार गिअर घालून बघितले, इंजिन १८०० आरपीएमचं धरून. २:१ ला पंखा ९०० फिरतो आणि व्यास येतो २७-२८ इंच, म्हणजे जुना पंखा त्याच्या गिअरला बरोबर होता, चुकीचा होता तो गिअर. ३:१ ला ६०० फेऱ्या, व्यास ३५ च्या थोडा वर. साडेतीनला ३८ च्या पुढे, चारला जवळजवळ ४२. खिडकी म्हणते ३६, मग गिअर ३:१, यात मतभेदाला जागाच नाही. शिवाय पात्याच्या टोकाचा वेग पण उतरतो, २८ इंची ९०० ला सेकंदाला साडेतेहेतीस मीटर होता तो ३६ इंची ६०० ला २९ च्या आत येतो, त्याने पाण्यात फेस होऊन पाती खाल्ली जाण्याचा त्रास कमी.

राहिला एचपी. मोकळी बोट किती पळणार याला मर्यादा आहे. पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचं वर्गमूळ फुटात घ्यायचं, त्याला १.३४ ने गुणायचं, आमच्या ४१ फुटाला उत्तर येतं ८.६ नॉट. त्याच्यावर जायला बोटीला स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं आणि ट्रॉलरचं भरलेलं अंग ते करत नाही, तुम्ही ४०० एचपी घाला. आम्ही बंदरात परतताना साडेसातने येतो. साडेसातचे साडेआठ करायला ताकद निदान दीडपट लागते आणि हर्णेच्या लिलावाला वीस मिनिटं लवकर पोचून भावात फरक पडतो का, तर क्वचित. २०० एचपी घेतलं असतं तर ओढ जास्त मिळाली असती हे खरंच आहे, माझ्या हिशोबाने ३५-४० टक्के जास्त. पण आमचं जाळं, त्याचं तोंड पाण्यात उघडं ठेवणाऱ्या फळ्या, विंच, वायर सगळं १०० एचपीच्या मापाचं. ते सगळं बदलायचं नसेल तर ते २०० एचपीचं इंजिन दिवसभर अर्ध्याहूनही कमी लोडवर रेंगाळत राहणार, लायनर गुळगुळीत होणार, रिंगांत आणि सायलेन्सरमध्ये काजळी बसणार. डिझेल इंजिनाला हलकं काम मानवत नाही, हे मी दोन बोटींवर उघडून बघितलंय.

काकांशी यावर तीन संध्याकाळ बोलणं झालं. शेवटी तांडेल म्हणाला, "नाखवा, मला जोरात जायचं नाहीये, मला फळ्या उघडलेल्या पाहिजेत." त्यावर विषय मिटला. ठरलं ते ११८ एचपी, १८०० आरपीएम, म्हणजे ८८ किलोवॅट.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण इथे बरेच जण फसतात. कॅटलॉगमध्ये एकाच इंजिनाचे तीन-तीन एचपी लिहिलेले असतात. मौजेच्या बोटीचं रेटिंग वेगळं, त्यात फुल पॉवर थोडाच वेळ वापरायची असं गृहीत असतं, आणि सतत चालणाऱ्या कामाचं रेटिंग वेगळं. ट्रॉलरचं इंजिन एका ओढीला चार-पाच तास तेच लोड घेऊन चालतं, दिवसातून तीन-चार ओढी, म्हणून हेवी ड्यूटी कंटिन्यूअसचाच आकडा धरायचा. आम्हाला एकाने जवळपास त्याच किमतीत १६० चं म्हणून जे दाखवलं ते कंटिन्यूअसला १२० सुद्धा नव्हतं, आणि ते पण २६०० आरपीएमला. २६०० म्हणजे त्याला साडेचारच्या आसपासचा गिअर लागला असता.

भंगारातलं ट्रकचं इंजिन आणून मरीन करायचं हा पर्याय पण होता आणि तो स्वस्त होता, निम्म्याहून कमी. मी तो सोडला दोन कारणांनी. एक म्हणजे ट्रकच्या पंपाचा गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) बहुतेक वेळा फक्त आयडल आणि मॅक्झिमम सांभाळतो, मधलं सगळं ड्रायव्हरच्या पायावर. बोटीत पाय नसतो. लाटेवर मागची बाजू उचलली, पंखा पाण्याबाहेर आला की लोड एकदम जातं आणि इंजिन किंचाळतं, तिथे प्रत्येक स्पीडला आरपीएम धरून ठेवणारा गव्हर्नर लागतो. दुसरं, इंजिन बोटीत तिरकं बसतं, आमच्याकडे नऊ अंश, आणि ट्रकचं चेंबर त्या तिरक्यात ऑइल कुठे साठवेल आणि स्ट्रेनर कोरडा पडेल की नाही ते कोणी सांगू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक कॉमन रेलवाली नवी इंजिनं डिझेल कमी खातात, चांगली आहेत, पण आमच्या इंजिनरूममध्ये आठ महिने खारी वाफ असते आणि ४० मैल बाहेर सेन्सर गेला तर लॅपटॉप घेऊन कोण येणार? साधा मेकॅनिकल पंप घेतला, ज्याचे नॉझल आमच्या बंदरातला मेकॅनिक डोळे झाकून काढतो.

गिअरकडे येतो, कारण खरी लढाई तिथेच झाली. डीलरकडे इंजिन तयार होतं आणि त्याला लागलेला २:१ चा गिअर पण. "उद्या गाडी पाठवा, घेऊन जा, सगळे हाच नेतात," असं तो म्हणाला. ३:१ हवा असेल तर साडेतीन आठवडे. आमच्याकडे वेळ काय तर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, त्यातले अकरा चर्चेतच गेलेले. काकांची घालमेल मला दिसत होती, एक ऑगस्टला बाकीच्या बोटी सुटल्या आणि आपली किनाऱ्यावर शाकारलेलीच राहिली तर घरात आणि बाहेर काय तोंड दाखवायचं. पण २:१ घेतला असता तर परत २८ इंची पंखा, परत तीच खिडकी रिकामी, आणि हे सगळं पुढची पंधरा वर्षं. मी अक्षरशः हात जोडले. थांबलो.

गिअरचा साइज कसा बघायचा तेही सांगतो. नुसतं "१५० एचपीचा गिअर" याला अर्थ नाही. इंजिनाचे किलोवॅट भागिले आरपीएम करायचं, आमचं ८८ भागिले १८०० म्हणजे ०.०४९. गिअरच्या तक्त्यात प्रत्येक रेशोसमोर तो आकडा असतो, आणि रेशो वाढला की तोच गिअर कमी भार घेतो. छोटा गिअर २:१ ला भरपूर होता पण ३:१ ला अगदी काठावर, त्यामुळे त्याच्या वरचा साइज घेतला. ट्रॉलिंगमध्ये जाळं खडकाला अडकतं, झटके बसतात, काठावरचा गिअर कशाला? इंजिनाच्या फ्लायव्हील हाउसिंगचा एसएई नंबर (जोडाच्या मापाचा ठरावीक नंबर) आणि गिअरचा नंबर एकच आहे ना हे आधी बघायचं, आणि मधलं रबरी कपलिंग त्या इंजिनाला जुळणारंच घ्यायचं. फिरण्याची दिशा पण विचारून घ्या. आम्हाला एक जण ३६ इंची जुना ब्राँझचा पंखा अर्ध्या किमतीत देत होता, चकचकीत, काका तर खूष, आणि मी मागून उभं राहून बघितलं तर तो डाव्या हाताचा. आमचा गिअर पुढे टाकल्यावर शाफ्ट मागून बघताना उजवीकडे फिरणार होता. तो पंखा लावला असता तर बोट गिअर पुढे टाकल्यावर मागे गेली असती.

आणि मग शाफ्ट. हे मी सुरुवातीला धरलंच नव्हतं, माझी चूक. गिअर ३:१ झाला म्हणजे फेऱ्या कमी झाल्या पण पीळ वाढला. इंजिनाचा टॉर्क ४६७ न्यूटन मीटर, २:१ ला शाफ्टवर ९३४, ३:१ ला १४०० च्या वर. जुना शाफ्ट २ इंची स्टेनलेसचा, तो जुन्या सेटला ठीक होता. सेफ्टी फॅक्टर ५ धरून नव्याचा हिशोब केला तर उत्तर अडीच इंच. रात्री अकरा वाजता हे उत्तर आलं आणि झोप उडाली, कारण अडीच इंची शाफ्ट म्हणजे नवीन ट्यूब, नवीन रबरी बुश, नवीन ग्लँड, नवीन कपलिंग, आणि मागच्या लाकडातलं भोक मोठं करणं. सकाळी काकांना सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दोन इंची ठेवला तर काय होईल?" मी म्हटलं, काही महिने काही होणार नाही, आणि मग एका रात्री जाळं अडकेल आणि पंखा तळाला राहील. "मग विचारतोस काय," म्हणाले.

भोक वाढवायला सुतारमेस्त्री स्वतः येऊन बसले, काम त्यांच्या मुलाने केलं. बोरिंग बार घालून, हाताने फिरवत, एका वेळी सूतभर. दोन दिवस लागले. जुन्या लाकडाचा भुगा आधी काळा निघत होता आणि मग आतून पिवळसर, सागाच्या तेलाचा वास असलेला ताजा भुगा पडायला लागला, तेव्हा मेस्त्रींनी तो चिमटीत घेऊन हुंगला आणि म्हणाले, बोट अजून तीस वर्षं जाते. मला त्या क्षणी वाटलं की खर्च झाला तो झाला.

गिअर आला २४ व्या दिवशी. तो यायच्या आधीच आम्ही त्याच्या ड्रॉइंगवरून इंजिन बसायचा बेड तयार ठेवला होता, म्हणून वेळेत निभावलं. गिअरमध्ये आत येणारा शाफ्ट वर आणि बाहेर जाणारा खाली असतो, त्या दोघांतलं उभं अंतर जुन्यात १५० मिलिमीटर होतं, नव्यात २२५. म्हणजे पंख्याचा शाफ्ट आहे तिथे ठेवायचा तर इंजिन ७५ मिलिमीटर वर उचलायचं. ट्यूबच्या मधोमध बारीक स्टीलची तार ताणली, पुढे इंजिनरूमच्या भिंतीपर्यंत, आणि त्या तारेपासून बेडपर्यंत दर फुटाला माप घेतलं. मासेमारीची तंगूस वापरू नका, ती झोल खाते. बेडवर ऐनाचे सोट बसवले, आरपार बोल्टने, आणि इंजिनाच्या डोक्यापासून डेकच्या तुळईपर्यंत किती जागा राहते ते बघितलं तर चार इंच राहत होते. टॅपेट कव्हर निघायला तेवढं पुरतं, जेमतेम.

कूलिंगला यावेळी खारं पाणी ब्लॉकच्या जवळ फिरकूच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. हीट एक्स्चेंजर घेतला तरी त्याला समुद्राचा पंप लागतोच, आणि आंजर्ले खाडीच्या तोंडाशी जो गाळ आहे तो रबरी इंपेलर एका सीझनमध्ये खातो. त्यामुळे बोटीच्या तळाला बाहेरून पाइप, आत गोडं पाणी आणि कूलंट, बंद सर्किट. धूर वर चिमणीतून, पाइपला लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण). पुढच्या पुलीवरून विंच चालते, तिथून किती भार घ्यायला परवानगी आहे ते डीलरकडून लेखी घेतलं.

गिअर आणि शाफ्ट यांना जोडणारं कपलिंग जुळवताना नियम असा की कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, त्यापेक्षा जास्त फट एका बाजूला नको. आमचं कपलिंग ६ इंची, म्हणजे ६ थाऊ. जमिनीवर आम्ही ४ वर आणलं होतं. बोट पाण्यात टाकल्यावर दोन दिवस नुसती तरंगू दिली आणि मग परत फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) लावला तर खालच्या बाजूला ११! लाकडी बोट पाण्यात गेली की अंग बदलते. ज्याने जमिनीवरच बोल्ट आवळून काम संपवलं त्याचा गिअर का ओरडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. परत इंजिनाखाली शिम (पातळ पत्रे) घातल्या, ५ वर आणलं.

ट्रायल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, खाडीतच, बाहेर समुद्र खवळलेला. पंखा ३६ इंच, पिच (एका फेरीत पंखा हिशोबाने जेवढा पुढे सरकतो ते अंतर) २४ इंच, चार पाती. बोट सुटली तशी सगळ्यांना कळलं की काहीतरी वेगळंय, आवाज खाली गेलेला, हादरा कमी, मागचं पाणी पांढरं नाही तर हिरवं, जाड. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण फुल थ्रॉटलला आरपीएम १७२० वर अडकला आणि धूर काळा. काका म्हणाले, चालतंय की, १७२० काय आणि १८०० काय. नाही चालत. जे इंजिन फुल थ्रॉटलला स्वतःच्या पूर्ण आरपीएमला पोचत नाही ते कायम जादा लोडखाली आहे, गव्हर्नर त्याला सगळं डिझेल देतोय आणि हवा पुरत नाहीये, आणि ही तर जाळ्याशिवायची गोष्ट. जाळं लावल्यावर अजून खाली गेलं असतं. पिच मी थोडा लोभाने २४ घेतला होता, परतताना स्पीड मिळावा म्हणून.

पुढच्या उधाणाच्या भरतीला बोट वर घेतली, ओहोटीला पंखा उघडा पडला, पुलर लावून काढला आणि त्याच रात्री टेंपोने वर्कशॉपला. पिच २ इंच कमी करून २२. परत बसवताना शाफ्टच्या निमुळत्या भागाला निळा रंग लावून पंखा टेकवला, काढला, आणि आतून रंग कुठे लागलाय ते बघितलं. सगळीकडे लागला पाहिजे, आणि हे बघताना चावी (पंखा शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारी पट्टी) घालायची नाही. आमचा पहिल्यांदा फक्त मागच्या तोंडाशी लागला होता, ग्राइंडिंग पेस्टने घासून घासून तिसऱ्या वेळी बरोबर आला. पुढच्या भरतीला पाण्यात, आणि ट्रायलला १८१०. धूर नाही.

नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा मेक, नंबर, एचपी बदलून घेणं, मच्छीमार सोसायटीत डिझेलच्या परताव्यासाठी तेच कळवणं, विम्याला पत्र, हे सगळं काकीने केलं, आणि वेळेत केलं. ते राहिलं असतं तर पुढचं डिझेल पूर्ण भावाने पडलं असतं.

खर्च: इंजिन-गिअरचा सेट साडेनऊ लाख, आणि शाफ्ट, ट्यूब, पंखा, पाइप, बेड, मजुरी मिळून अजून साडेचार. हा दुसरा आकडा आधी कोणीच सांगत नाही. कोटेशनमध्ये फक्त पहिला असतो.

आता सीझन झाला पूर्ण. जाळं ओढताना जुनं इंजिन तासाला १७ लिटरच्या आसपास घ्यायचं, नवीन १३ ते साडेतेरा घेतं, १५५० आरपीएमला, आणि ओढीचा स्पीड थोडा वाढलाच. यातला काही वाटा जुनं इंजिन झिजलेलं होतं त्याचा आहे, सगळं श्रेय पंख्याला देणार नाही. मोकळं परतताना १५०० वर ठेवतो, पंख्याची ताकद फेऱ्यांच्या घनाने बदलते, त्यामुळे १५०० ला फुल पॉवरच्या निम्म्याहून थोडीच जास्त लागते. आयडलला ६५० वर गिअर खडखडत होता, ७०० केलं, थांबला. ११५०-१२०० च्या मध्ये एक बारीक थरथर अजून आहे. कपलिंग परत बघितलं, ठीक आहे, या पावसाळ्यात बुश काढून बघणार आहे.

एक गोष्ट मात्र तांडेलाला नव्याने शिकावी लागली. पंखा मोठा झाल्यावर मागे टाकलं की बोटीची मागची बाजू सरळ न जाता जोरात डावीकडे ओढली जाते, जुन्या पंख्याला हे जाणवत नव्हतं. पहिल्या आठवड्यात दोनदा शेजारच्या बोटीवर टेकली आणि एक टायर फाटला. आता तो दुसऱ्या बोटीला बाजू लावताना डावी बाजूच देतो, थोडं तिरकं येतो, मागचा गिअर टाकतो, आणि बोट आपोआप मागून जाऊन चिकटते, दोरी हातात घेतलेल्या पोराला उडी मारायची पण गरज पडत नाही.